चिठ्ठीशिवाय गोळी न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचं ठरवलंय. मी ज्या पेचात होते, त्यात आपल्या भागातली बरीच माणसं असतील आणि प्रत्येकाला औषधाच्या दुकानात तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही.

दादाचा अपघात तुम्हाला माहीत आहे. उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रेडियम. मी दादाच्या गाडीवर मागं बसलेली, वाचले, दादा गेला. त्यानंतर रात्रीचं जे सुरू झालं ते मी कुणाला धड सांगितलंच नव्हतं. डोळा लागला की तोच आवाज. दचकून उठायचं आणि दिवा लावून पहाटेपर्यंत बसून राहायचं. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की केजच्या रस्त्यानं रात्रभर ट्रॅक्टर, वर ती कानठळ्या बसवणारी गाणी. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, जिवाला थारा नाही. दिवसा शिलाई मशीनवर बसलं की सुईच्या दोन सुया दिसायच्या.

घरात ज्याचं त्याचं वेगळं. आईनं दृष्ट काढली. सासूबाई म्हणाल्या, डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नसतात. हे म्हणाले, दाखवू, पण पुढं लेकराबाळाचा विचार आहे. शेजारणीनं तर सासऱ्याच्या गोळ्यांची संपलेली पट्टी हातात ठेवली: "हीच आण, मेल्यासारखी झोप लागते." ती घेऊन मी तुमच्याकडं आले.

तुम्ही पट्टी उलटून पाहिली. अल्प्राझोलाम. नुसतं नाही म्हणून वाटेला लावलं असतं, तर मी पुढच्या दुकानात गेले असते, आणि मिळालीही असती. तुम्ही एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या अशा गोळ्यांच्या नोंदीचं, रजिस्टर काढून माझ्यापुढं उघडलंत. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या. तीन वर्षं जपून ठेवावं लागतं म्हणालात. मग चष्मा वर सरकवून विचारलंत, "पोरी, झोप येत नाही, का झोपायचं भ्या वाटतंय?"

तोवर कुणी असं विचारलंच नव्हतं.

"मग ही गोळी तुझ्या कामाची नाही. ही गुंगी आणती, सपान जिथल्या तिथं राहतंय. पुढं एकीच्या दोन लागत्यात, अन् एकदम सोडली की पहिल्यापेक्षा वाईट." पुढं डॉक्टरांनीही हेच सांगितलं. अशा धक्क्यानंतर या जातीच्या गोळ्या लांबवर देत नाहीत म्हणाले.

मग तुम्ही तुमच्या औशाकडचं सांगितलंत. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपानंतर वाचलेली माणसं कितीक दिवस छताखाली झोपायला तयार नव्हती, अंगणात पत्रा टाकून पडायची. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही, पण औषधोपचार असतो हेही बऱ्याच जणांना कुणी सांगितलं नाही. एवढंच बोललात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलंत. मी तिथंच स्टुलावर बसून होते.

गोळ्या घे म्हणाला नाहीत आणि घेऊ नको असंही नाही. मला राग आला होता थोडा, खरं सांगते. मला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं. तुम्ही कंपनीच्या पॅडवर प्रश्न लिहायला लावलेत. गोळी नेमकी कशासाठी? फरक किती दिवसांनी? काय झालं तर लगेच परत यायचं? दिवस राहिले तर काय? गोळ्या सोडून दुसरा उपाय आहे का? वर बजावलंत की 2017 च्या कायद्यानं तुला समजावून, तुझी संमती घेऊनच उपचार करायचे असतात, तेव्हा विचारायला लाजू नको.

अंबाजोगाईला स्वारातीच्या, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत तो कागद मी डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी वाचला आणि एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. सर्ट्रालिन नावाची गोळी, सकाळची. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते, जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला तर वाट न बघता यायचं. मूल हवं असेल तर आधी सांगायचं, परस्पर बंद करायची नाही. स्वप्नांसाठी प्राझोसिन असते, मूळची बीपीची. उठताना चक्कर येऊ शकते म्हणून अगदी कमी डोसनं, रात्री. तिच्याबद्दल त्यांनी झाकून ठेवलं नाही: अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या 2018 च्या मोठ्या अभ्यासात ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती, तरी काहींना गुण येतो. हे ऐकून मी घाबरायला हवं होतं, उलट माझा विश्वास बसला.

गोळ्यांशिवायचा उपायही होता. स्वप्न जागेपणी लिहायचं, शेवट बदलायचा आणि रोज मनात घोळवायचा. माझ्या वहीत ट्रॉलीला मागं लाल रेडियम चमकतंय, दादा ब्रेक मारतो, बाजूनं गाडी काढतो आणि ड्रायव्हरला दोन शिव्या हासडतो. समुपदेशक ताईंनी शिव्या खोडायला लावल्या नाहीत.

मी सर्ट्रालिन आणि वही, दोन्ही निवडलं. प्राझोसिन सध्या नको असं मीच म्हणाले. तो निर्णय माझा होता, त्यामुळं पहिल्या आठवड्यातली मळमळ सोसता आली. सासूबाई अजून कुरकुरतात, पण गोळीची वेळ झाली की पाण्याचा तांब्या त्याच आणून ठेवतात. स्वप्न अजून पडतं. पण आता उठून पाणी पिते आणि पुन्हा आडवी होते. माझी गोळी बघून मात्र कुणी आपल्यासाठी आणू नये. दवाखाना लांब असेल त्यांनी टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावावा, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

कागदावरचा एक प्रश्न डॉक्टरांनी पुढच्या भेटीवर ठेवलाय: गोळ्या कमी कधी आणि कशा करायच्या. उत्तर मिळालं की दुकानात येऊन सांगते. काकूंचं ब्लाउज शिवून तयार आहे, तेही तेव्हाच आणते. शिलाई किती झाली ते विचारू नका.

आपली,
केजची शिवणकामवाली