उपवासाच्या पुरवणीतला 'पौष्टिक' साबुदाणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची गेल्या नवरात्रातली खास पुरवणी आमच्या फ्रीजवर अजून चुंबकाने लावलेली आहे, बायकोने लावलीय, आणि तिच्यावरूनच हे पत्र. नऊ दिवसांचे नऊ 'पौष्टिक' उपवासाचे पदार्थ, मी मोजले तर सहा साबुदाण्याचे नाहीतर बटाट्याचे, एक गुळातला रताळ्याचा कीस, आणि खजुराच्या लाडवावर चक्क हिरव्या अक्षरात 'शुगर फ्री' छापलंय. खजूर शुगर फ्री कसा काय हो? वरून साखर घातली नाही एवढंच ना? गुळाचंही तेच, लोह असतं बिसतं ते ठीक आहे, पण बहुतांश ती साखरच, रक्तात गेल्यावर तिचा रंग कोण विचारतंय.

आता मला एवढा राग का आला ते सांगतो. मी सांगलीत राहतो, वय 49, बँकेत काम, उंची पाच फूट सहा आणि वजन 61 किलो. म्हणजे लग्नात कुणीही 'अरे किती बारीक झालास, खात जा की' म्हणावं असा माणूस. दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या चेकअपमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी, 6.1 आली, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 240, उपाशीपोटीची साखर 108. रिपोर्ट देणारा म्हणाला बॉर्डरलाइन आहे, काही नाही, गोड कमी करा. मी तसाही गोड फार खात नाही. पेढा अर्धा तोडून परत ठेवणारा मी. मग आली कुठून?

घरी आल्यावर बायकोने शिलाई मशीनच्या डब्यातली टेप काढली आणि बेंबीवरून पोट मोजलं, 93 सेंटिमीटर. मी म्हटलं पॅन्ट तर 32ची लागते, तर ती म्हणाली अहो पट्टा पोटाच्या खाली बांधताय, मग लागणारच की. आपल्याकडच्या पुरुषांना 90 आणि बायकांना 80च्या वर गेलं की धोक्याचं समजतात हे मला तेव्हा कळलं. हातपाय काड्या आणि पोट पुढे, असे किती जण आहेत आमच्या शाखेत, बघायला लागलो तर निम्मा स्टाफ.

आणि गंमत म्हणजे हे शोधणारा माणूस आपल्या पुण्यातलाच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. बारीक दिसणारा जाडा माणूस म्हणतात तो हा. काट्यावर सगळं ठीक, आत लिव्हरला आणि पोटात चरबी.

इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय हे मला आमच्या डॉक्टरांनी घरगुती भाषेत सांगितलं. आई पोरांना जेवायला हाक मारते, पोरं ऐकत नाहीत, ती आवाज वाढवते, पोरं येतात. दुसऱ्या दिवशी अजून मोठ्याने. इन्शुलिन ही 'रक्तातली साखर आत घ्या' अशी हाक, स्नायू आणि लिव्हर ही पोरं. आत चरबी साठली की त्यांना हाक ऐकू येईनाशी होते, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडत राहतं, आणि या ओरडण्यावर साखर वर्षानुवर्षं नॉर्मल दिसते. रिपोर्टमध्ये साखर वाढते तेव्हा आईचा घसा बसायला लागलेला असतो. म्हणून 'बॉर्डरलाइन आहे, काही नाही' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. 2023मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा देशभराचा सर्वे आला त्यात या बॉर्डरलाइनवाल्यांचा अंदाज 13 कोटी 60 लाख होता, डायबेटिसवाले 10 कोटी 10 लाख ते वेगळेच, आणि डायबेटिसचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, 26.4 टक्के.

मग मी डबा उघडून बघितला, म्हणजे खरंच नीट बघितला. चार पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या, वेगळ्या डब्यात भात, आणि वरण म्हणजे हळदीचं पाणी आणि तळाशी डाळीचे चार दाणे. चार वाजता भडंग, सांगलीत राहून भडंग खाणार नाही असं कसं, पण ते चुरमुरेच ना शेवटी, तांदूळच. चहा दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, चमच्याला साधारण 5 ग्रॅम धरली तर 60 ग्रॅम साखर रोज. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर, आणि मी म्हणे गोड खात नाही! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024च्या मार्गदर्शनात दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहा म्हटलंय.

बदल काय केले तर फार काही नाही. पोळ्या चारच्या दोन केल्या, भात रात्रीचा एक वाटी, आणि भाजीच्या डब्याचं आणि पोळीच्या डब्याचं माप उलटं केलं. मोठ्या डब्यात आता मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, कधी दोन अंडी, कधी हुलग्याचं माडगं थर्मासमधून, सोबत ताक. काकडी-गाजर आधी खायचं, मग उसळ, पोळी शेवटी, या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. भडंगाच्या जागी फुटाणे (भडंग रविवारी, ते सोडणार नाही). चहा दोन कप, बिनसाखरेचा, पहिले पंधरा दिवस अक्षरशः औषध पिल्यासारखं वाटलं. रात्री जेवून शतपावली, शंभर नाही, पंधरा-वीस मिनिटं, चालणारे स्नायू जादा इन्शुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात म्हणे.

भाकरीबद्दल एक सांगायचंय कारण तुमच्याकडे ज्वारी-बाजरीवर दर आठवड्याला काहीतरी येतं. मी पण आधी हेच केलं, पोळी बंद आणि शाळूच्या तीन तीन भाकऱ्या, महिनाभर काही फरक नाही. नंतर 2025मध्ये त्याच आयसीएमआरच्या अभ्यासातलं आहाराचं वाचलं, आपल्याकडे 62 टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि मैद्याऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी घेतली पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं तर धोका कमी झालेला दिसत नाही. थोडं पिष्ट काढून त्या जागी डाळ, दूध-दही, अंडी आली तर दिसतो. म्हणजे भाकरी चांगलीच, पण तिसरी भाकरी ती तिसरी भाकरीच.

तर आता साबुदाणा. आमच्याकडे संकष्टी कडक, गणपतीचं गाव आहे, आई 78 वर्षांची, तिच्यासमोर वाद नाही. एका संकष्टीला खिचडी खाऊन दोन तासांनी मी ग्लुकोमीटर लावला, 187. दुसऱ्या आठवड्यात एक भाकरी, मटकीची उसळ आणि काकडी खाऊन दोन तासांनी, 138. एका माणसाचं एका यंत्रावर मोजलेलं आहे, यात शास्त्र नाही हे मान्य, पण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅममध्ये 85च्या वर कर्बोदकं आणि प्रथिनं नावालाच, त्यात बटाटा घालायचा आणि वर गोड ताक. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आजीने उगाच केलेली नाही.

डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनच वेळा खायचं खरं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावरून आमच्याकडे मेव्हणा आणि बहिणीची दोन वर्षं जुंपलेली आहे. मला मधलं खाणं बंद केल्याने फायदा झाला, कारण माझं मधलं म्हणजे खारी, बिस्किटं आणि वाढदिवसाचे समोसे. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी हे मनाने करू नये, साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो, आमच्या एका सहकाऱ्याला काउंटरवरून उचलावं लागलं होतं. डॉक्टरला सांगून डोस बदलून मगच.

सहा महिन्यांनी माझं एचबीएवनसी 5.7 आलं, म्हणजे काठावरच, ट्रायग्लिसराइड 160, टेप 88. गोळी चालू झालेली नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात (2006) अशा काठावरच्या लोकांत आहार आणि चालण्याने पुढे डायबेटिस होण्याचं प्रमाण साधारण 28 टक्क्यांनी घटलं होतं आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनेही जवळपास तेवढंच, तेव्हा मी काही जगावेगळं केलेलं नाही.

विनंती एवढीच की पुढच्या नवरात्रात पुरवणी काढाल तेव्हा साबुदाणा छापू नका असं म्हणत नाही, लोक मारतील तुम्हाला, पण राजगिरा, दही, शेंगदाणे, पनीर, काकडी, भोपळा यांनाही जागा द्या, कितीजणांसाठी किती वाट्या ते लिहा, आणि गुळाखजुराला शुगर फ्री म्हणणं तेवढं थांबवा. माझी आई तुमच्या पेपरात छापलेलं खरं मानते, माझं नाही. खिचडी आता आमच्याकडे ताटभर नाही, एका वाटीनेच वाढतात, आणि ती वाटी आई दर संकष्टीला बदलून मोठी आणते, तिचं काय करायचं ते मात्र मला सुचलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, सांगली