घड्याळातले बीपी: आकडा जुळतो, पण हलतो का?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रक्तदाब सांगणारी मनगटी घड्याळे, कडी आणि अंगठ्या यांची परीक्षणे छापून येतात, त्यांत बहुतेक वेळा एकच चाचणी असते. घड्याळातला आकडा पाहायचा, लगेच दंडाला पट्टा बांधून मशीनवर मोजायचा, आणि फरक तीन-चार मि.मी.चा (रक्तदाब पाऱ्याच्या मि.मी.मध्ये मोजतात) आला की उपकरण अचूक ठरवायचे. या चाचणीतून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. गोळी चालू ठेवायची की कमी करायची हे लोक या आकड्यांवर ठरवू लागले, तर ते धोक्याचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

दंडाचा पट्टा रोहिणीवर (धमनीवर) बाहेरून हवेचा दाब देतो आणि तो सोडताना नाडीमुळे पट्ट्यातल्या हवेत उठणारी कंपने टिपतो. म्हणजे दाब दाबाशीच ताडला जातो. घड्याळ तसे करत नाही. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि परत आलेला प्रकाश मोजते. त्यातून कळते ते एवढेच की त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत प्रत्येक ठोक्याला रक्त कसे भरते आणि ओसरते. काही उपकरणे याला ईसीजीची जोड देतात आणि हृदयाच्या विद्युत संदेशापासून नाडी मनगटात पोचेपर्यंत लागलेला वेळ पाहतात. दाब वाढला की रोहिणीची भिंत ताणली जाते, नाडीची लाट वेगाने धावते आणि हा वेळ घटतो. तत्त्व खरे आहे. पण भिंत वयानेही कडक होते, थंडीने वाहिन्या आकसतात आणि काही औषधांनी सैलावतात. शिवाय मोजलेल्या वेळेत, संदेश मिळाल्यापासून हृदयाची झडप उघडेपर्यंतचा काळही मिसळलेला असतो. श्रमाने किंवा घाबरल्याने तो काळ दाबाशी संबंध न ठेवता बदलू शकतो.

म्हणून यातल्या बहुतेक उपकरणांना आधी दंडाच्या मशीनवरचे आकडे शिकवावे लागतात; यालाच जुळवणी म्हणतात. सॅमसंगच्या घड्याळात अशी तीन मापने भरावी लागतात आणि दर 28 दिवसांनी ती पुन्हा करावी लागतात. खरी गोम इथेच आहे. समजा, एखाद्याचा वरचा आकडा 126 भरला. पुढच्या काही दिवसांत शांत बसून घेतलेली त्याची खरी मापने 122, 131, 127, 119 आणि 129 आली. आता असे घड्याळ कल्पा, की ज्यात मोजण्याचे साधनच नाही आणि पडद्यावर कायम 126 उमटते. त्याची सरासरी चूक अर्ध्या मि.मी.हूनही कमी आणि चुकांचे प्रमाण विचलन (चुका किती विखुरल्या आहेत याचे माप) सुमारे 5 येते. पट्ट्याच्या मशीनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सरासरी चूक 5 पर्यंत आणि विचलन 8 पर्यंत चालते. अर्थात काहीही न मोजणारे घड्याळ या मर्यादेत आरामात बसते! विश्रांतीत माणसाचा दाब फारसा हलत नाही, म्हणून आकडा जुळतो. त्यात वय, वजन, नाडीचे ठोके आणि दिवसाची वेळ यांवरून बांधलेला अंदाज मिसळला, की आकडे थोडे हलतात आणि अधिकच खरे वाटतात.

दाब खरोखर बदलतो तेव्हा हे उघडे पडते. नवी गोळी सुरू होऊन वरचा आकडा 20 ने उतरला, तरी असे उपकरण जुन्या आकड्याच्या आसपासच रेंगाळू शकते. ठोके कमी करणारी गोळी असेल, तर ठोक्यांवर विसंबलेले गणित आणखी चुकते. झोपेतही तेच. निरोगी माणसाचा दाब रात्री साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, आणि तो उतरत नसेल तर डॉक्टरांना ते कळायलाच हवे.

युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन या उच्च रक्तदाबावरील तज्ज्ञांच्या संस्थेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितले की पट्टाविरहित उपकरणे निदानासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी वापरू नयेत. 2023 मध्ये त्यांनी अशा उपकरणांसाठी सहा वेगळ्या चाचण्या सुचवल्या: स्थिर अवस्था, हाताची उंची, औषधाने उतरलेला दाब, जाग आणि झोप, व्यायाम, आणि पुन्हा जुळवणी करण्याआधीची अचूकता. पहिली सोडली तर बाकीच्या पाचांचा रोख एकच आहे: बदल पकडता येतो का, आणि अचूकता टिकते का? ॲपलच्या घड्याळाला अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणे नियामक संस्थेने सप्टेंबर 2025 मध्ये दिलेली परवानगीही आकडा दाखवण्याची नाही. ते 30 दिवसांच्या नोंदी पाहून उच्च रक्तदाबाची शक्यता कळवते, निदान करत नाही. मला ही भूमिका जास्त प्रामाणिक वाटते.

मनगटाच्या पट्ट्यातच फुगणारी पिशवी असलेली ओम्रॉनच्या हार्टगाइडसारखी घड्याळे मात्र वेगळ्या जातीची आहेत. ती खरोखर दाब देऊन मोजतात. तिथे हात हृदयाच्या पातळीत धरणे महत्त्वाचे, कारण मनगट 10 सें.मी. खाली असले तरी आकडा 7 ते 8 मि.मी.ने चढतो.

ज्यांच्याकडे पट्टाविरहित घड्याळ आधीच आहे, त्यांनी जुळवणी नीट करावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो, आणि तीच चूक पुढचे चार आठवडे प्रत्येक मापनात उतरते. पट्ट्यातली पिशवी दंडाच्या घेराचा किमान 80 टक्के भाग वेढणारी हवी. आधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा. हात गार असतील तर प्रकाशाचा संकेत क्षीण होतो. घड्याळाचा पट्टा सैल असला, मनगटावर गोंदण असले किंवा ठोके अनियमित असले, तरी आकड्यावर विसंबू नये.

मग घड्याळ खरेच बदल टिपते का, हे घरी पाहता येते. दोन-तीन आठवड्यांत वेगवेगळ्या वेळी 20 जोड्या लिहा: घड्याळ एका मनगटावर, मशीन दुसऱ्या दंडावर (त्याच हाताचा पट्टा फुगला की मनगटातला प्रवाह अडतो). मशीनवरची सर्वांत मोठी पाच आणि सर्वांत लहान पाच मापने वेगळी काढा. या दोन गटांच्या मशीनवरील सरासरीत 20 चा फरक असताना त्याच वेळच्या घड्याळाच्या सरासरीत 4 चाच दिसला, तर ते घड्याळ शिकवलेला आकडाच परत सांगत आहे. पुन्हा जुळवणी केल्यावर आलेखात अचानक पायरी दिसली, तर ती बहुधा शरीरातली नसून महिनाभर साचलेल्या चुकीची असते. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचाच. त्यांच्याकडे नेण्यासाठी प्रमाणित दंडाच्या मशीनवर सात दिवस सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन मापने घ्यावीत आणि पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ती 135/85 किंवा त्याहून वर असेल, तर दाब जास्त समजतात.

आपल्याकडे विनंती एवढीच, की अशा उपकरणाचे परीक्षण छापताना या तीन गोष्टी जरूर लिहाव्यात: जुळवणी किती दिवसांनी लागते, औषधाने किंवा श्रमाने बदललेला दाब ते पकडते का, आणि झोपेतल्या मापनाची तपासणी दंडाच्या 24 तासांच्या मशीनशी झाली आहे का. उत्पादक ही माहिती देत नसेल, तर तसेही छापावे.

आपला,
वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रातील एक वाचक