लॅपचा टाइम मायनसमध्ये!

संपादक साहेब, नमस्कार. परवा आमच्या फोंड्यातल्या एका शाळेच्या स्पोर्ट्सला मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, २०० मीटरचं ग्राउंड, ८०० ची रेस म्हणजे ४ लॅप, पोरगा लाइन क्रॉस करतो की मी एंटर मारायचा आणि पायथनची (ही प्रोग्रॅम लिहायची भाषा) स्क्रिप्ट आत्ताच्या टाइममधून मागचा टाइम वजा करून लॅपचा टाइम दाखवणार, एवढं सोपं. तिसऱ्या लॅपला स्क्रीनवर आलं मायनस १.८ सेकंद! सर म्हणाले, पोरगो उलटो धावलो की काय? मी तोंडातला भाजीपाव तसाच धरून बघत राहिलो. चूक माझीच, मी वेळ विचारायला पायथनचं टाइम डॉट टाइम (time.time) वापरलेलं, ते कॉम्प्युटरचं घड्याळ, मधेच मोबाइलचं नेट जोडलं आणि ते स्वतःला करेक्ट करून मागे सरकलं. त्याजागी पायथनचंच वेळ मोजायचं परफ काउंटर (time.perf_counter) घ्यायचं, २०१२ पासून पायथन ३.३ मधे आहे, ते कधी मागे जात नाही, फक्त त्याच्या नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, दोन आकड्यांतला फरकच बघायचा. आणि लॅपला घड्याळ थांबवायचं नाही हो, नुसता त्या क्षणाचा आकडा टिपायचा. तुमच्या पेपरात पोरांसाठी कॉम्प्युटरचा कोपरा असतो ना, त्यात हे एकदा छापा.

– एक वाचक, फोंडा