तन्वीच्या नर्सिंगबद्दल आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तन्वीला बारावीनंतर नर्सिंगला घालायचं दादाच्या मनात आहे, आणि तालुक्याचा कुणी एजंट 'परीक्षा नको, बंगळूरला सीट पक्की' म्हणून मागे लागलाय, असं बाबा परवा म्हणाले. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते. दादा-वहिनीलाही वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे त्या एजंटला एक पैसाही द्यायचा नाही, आगाऊ 'बुकिंग' म्हणूनसुद्धा नाही. कर्नाटकात चांगली कॉलेजं पुष्कळ आहेत, पण चांगल्या कॉलेजला गिऱ्हाईक शोधायला आपल्या तालुक्यापर्यंत माणूस पाठवावा लागत नाही. शिवाय तिकडे शिकून आली तर आधी तिथल्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग तिथून ना-हरकत, मग इथे पडताळणी, आणि तेवढे दिवस नोकरी लांबणीवर. दुसरी गोष्ट पैशाची. आपल्या सरकारच्या शिष्यवृत्त्या आणि मुलींच्या फी-माफीची 2024 ची योजना (वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर) केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुलं कॅप राउंड म्हणतात त्यातून, सीट घेतली तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ते दार बंद.

दादा विचारत होता, कोर्स कोणता? नर्सिंगमध्ये तीन पायऱ्या आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा. जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्याला बारावी कुठल्याही शाखेतून चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, त्यात खुल्या प्रवर्गाला एकूण 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40. तन्वीला जीवशास्त्र आहे, तेव्हा तिने बी.एस्सी.च करावं असं माझं ठाम मत आहे. जी.एन.एम. करूनही पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी मिळते, पण त्यात वर्ष जास्त जातं. शिवाय एम्सची, म्हणजे केंद्राच्या मोठ्या रुग्णालयांची, नर्सभरतीची नॉरसेट परीक्षा द्यायची तर जी.एन.एम.वाल्यांना 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.वाल्यांना तो लागत नाही.

बी.एस्सी.साठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. इंग्रजी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि नर्सिंगचा कल या पाच विषयांना 20-20 गुण. पहिले चार विषय बारावीच्या अभ्यासात येऊन जातात. कलाचे प्रश्न मात्र वेगळे असतात. रुग्ण रागावला तर काय कराल, आधी कोणाकडे धावाल, अशा धर्तीचे. त्यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. आधीच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की अंदाज येतो.

बाबा, आता तुमचं काम. सीट मिळूनही मुलं हातची घालवतात ती बहुतेक वेळा कागदांपायी. तन्वीचा जातीचा दाखला आहे, पण पडताळणी झालेली नाही. ती जिल्हा जात पडताळणी समितीकडून होते, अर्ज तिच्या कॉलेजमार्फत आत्ता बारावीतच जातो, आणि त्याला महिने लागतात. ओबीसीसाठी समिती 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा जातीची नोंद असलेला पुरावा मागते. घरात तसा कागद तुमचाच निघेल. तुम्ही पहिलीत गेलात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढून आणा, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेऊन. उताऱ्यावर जात, जन्मतारीख आणि तुमच्या वडिलांचं नाव स्पष्ट आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा तो दाखला प्रवेशाच्या वर्षात चालणारा हवा. अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला हे ओघाने आलंच.

आणि नाव! आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे 'तन्वी' तर कुठे 'तनवी'. सगळ्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर एकच करून घ्या, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा. पुढे पदवी, नोंदणी, पासपोर्ट सगळं त्याच नावावर चालतं.

कॉलेज निवडताना इमारत, बस, गणवेश यावर जाऊ नका. खाटा बघा. नियमाने बी.एस्सी. कॉलेजचं स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय असावं लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण धरलेले असतात. कागदावर ते सगळीकडे असतं. म्हणून दादाने आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, न सांगता रुग्णालयात जावं. किती खाटांवर खरोखर माणसं आहेत ते मोजावं. प्रसूतिगृहात महिन्याला किती बाळंतपणं होतात ते विचारावं. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारावं, की सलाईन स्वतः लावलंस का, कितीदा. ती अडखळली तर ते कॉलेज यादीतून काढा. सरकारी रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात दगदग फार, वसतिगृह साधं, पण हात तिथे तयार होतो. तन्वीने पसंतीक्रमात सरकारी कॉलेजं आधी टाकावीत, घरापासून लांब असली तरी. आई, तू यावर नाराज होशील हे मला माहीत आहे.

परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार वर्षांची आठ सत्रं. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहार आणि नर्सिंग फाउंडेशन. पुढे औषधशास्त्र, मोठ्यांचे आजार, बालरोग, मानसिक आजार, प्रसूती, समाज आरोग्य. पास व्हायला थिअरीत आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे 50 टक्के लागतात, आणि परीक्षेला बसायला हजेरी 80 टक्के. पण पदवी हातात पडायच्या आधी वॉर्डातली हजेरी 100 टक्के भरावीच लागते. मे महिन्यात लग्नसराईसाठी म्हणून घरी बोलावलेली मुलगी सत्र संपल्यावर तेच दिवस भरत बसते. तेव्हा वहिनीला सांगा, सारखं गावी बोलवायचं नाही.

बहुतेक मुली पहिल्याच वर्षी खचतात. कारण अभ्यास अवघड असतो हे नसतं. पहिली अडचण भाषेची. बारावीपर्यंत सगळं मराठीत किंवा अर्धं मराठीत, आणि इथे शरीररचनेचं पुस्तक इंग्रजीत. रोज 10 शब्द, अर्थ आणि उच्चारासह, वहीत लिहिले तर सहा महिन्यांत ती भीती जाते. दुसरं म्हणजे माणसाचं अंग पुसणं, बेडपॅन देणं, उलटी साफ करणं. पहिल्या महिन्यांत हेच असतं आणि घरच्यांना ते हलकं काम वाटतं. अंग पुसतानाच पाठ, टाचा, माकडहाड दिसतं आणि लालसर डाग वेळेत सापडतो. त्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं तर जखम होत नाही. न वळवलं तर खोल जखम होते, आणि ती भरायला महिने जातात.

वॉर्डातलं पोस्टिंग सुरू होण्याआधी तिला कावीळ-बीची लस द्या. तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्याला, म्हणजे प्रवेश झाल्याबरोबर सुरू केली पाहिजे. वापरलेल्या सुईला झाकण परत लावायला जाताना सुई बोटात शिरते. म्हणून झाकण लावायचंच नाही, सुई सरळ पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. तरीही टोचली तर बोट दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत, आणि कसंही करून 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात. तन्वीला हे आधीच नीट समजावून ठेवा.

वॉर्डातलं गणित साधंच असतं, पण चूक झाली तर जिवावर येते. 500 मिली सलाईन 8 तासांत द्यायचं आणि साध्या सेटला (सलाईनच्या नळीला) 20 थेंबांचा एक मिली होत असेल, तर मिनिटाला 21 थेंब. लहान मुलांच्या मायक्रो सेटला एका मिलीचे 60 थेंब, म्हणजे तोच हिशेब तिप्पट. कोणता सेट लावलाय हे न बघता थेंब मोजले की चुकलंच. इन्सुलिनचंही तसंच. बाजारात एका मिलीत 40 युनिट असलेली बाटली मिळते आणि 100 युनिटचीही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 40 साठी लाल टोपण, 100 साठी नारिंगी. 100 च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर 20 ऐवजी 50 युनिट पोटात जातं आणि साखर एकदम खाली येते. उलटं केलं तर 20 ऐवजी फक्त 8. पोटॅशियम क्लोराइड कधीच थेट शिरेत सोडायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाशच, कारण हृदय थांबतं. या गोष्टी तिला पाठ नव्हे, हाताला माहीत असायला हव्यात.

शेवटचं सत्र जवळजवळ सगळं वॉर्डात, इंटर्नशिपचं. त्यानंतर पदवी, आणि मग खरा कागद म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. ती असल्याशिवाय कायद्याने नर्स म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे वेगळी परवाना परीक्षा आजवर नाही. मान्यताप्राप्त कॉलेजातून पास झालं की अर्ज करायचा. म्हणून प्रवेश घेण्याआधीच कॉलेज परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत आहे का ते तपासा. नाहीतर चार वर्षं जाऊन हातात काहीच उरत नाही. नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण असतं आणि मधल्या काळात प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. 2023 मध्ये केंद्राने नर्सिंगसाठी नव्या आयोगाचा कायदा केला आहे, तेव्हा पुढे काही नियम बदलतील. त्यांच्यावर मी लक्ष ठेवते.

नोकरीचं बाबा विचारत होते. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागली तर मूळ वेतन 35,400 पासून, एम्समध्ये 44,900 पासून. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बी.एस्सी.वाल्यांना घेतात, गावाजवळ राहायचं असेल तर ते बरं. छोट्या खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार फार कमी असतो, हे दादाला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे नंतर मुलीवर चिडणार नाही. परदेशात नर्स व्हायच्या परीक्षा, अमेरिकेची एनसीएलईएक्स, इंग्लंडची ओस्की, हे सगळं दोन वर्षांच्या वॉर्डातल्या कामानंतर. आधी नाही.

बाबा, तो शाळेचा उतारा या आठवड्यात आणा, मुख्याध्यापक दिवाळीच्या सुट्टीत भेटत नाहीत. आणि आई, फ्रीजमधल्या तुझ्या इन्सुलिनच्या बाटलीवर 40 लिहिलंय की 100, आणि तू वापरतेस त्या सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे, ते बघून उद्या मला फोन कर. रात्रीचा डोस घ्यायच्या आत.

तुमची,
शुभा