‘बर्फ थांबताच निघा’ हा सल्ला मागे घ्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील हिमालयातल्या हिवाळी भटकंतीवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. परंतु बर्फ पडून आकाश मोकळे झाले की दुसऱ्याच सकाळी चढाईला निघावे, हा सल्ला ज्यांच्या नजरेखालून छापायला गेला, त्यांनी बर्फ फक्त रसवंतीवरच पाहिलेला दिसतो. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत घातक असतात. वाऱ्याने आणून टाकलेला नवा थर खालच्या भुसभुशीत थराला धरून बसलेला नसतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो सुटायला एका माणसाचे वजनही पुरते.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या जळगावच्या एका आयोजकाबरोबर उत्तराखंडात गेला होता. निघण्यापूर्वीच्या बैठकीत, प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे असेल काय, असे मी विचारले. ‘‘काका, फावडं शेतात राहू द्या, आपले गाईड तिथलेच आहेत,’’ असे उत्तर आले आणि सभागृह हसले. सामानाच्या यादीत पत्त्यांचा कॅट मात्र आठवणीने लिहिलेला होता. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर फारशी आशा उरत नाही. एवढ्या वेळात खालच्या गावातून मदत येत नसते, जवळच्या सोबत्यांनीच उकरून काढावे लागते. दाबून घट्ट झालेला बर्फ नुसत्या हाताने उकरता येत नाही, हे त्या हसणाऱ्यांना कोण सांगणार?

पुतण्या सुखरूप परतला. पण त्याने आणलेल्या चित्रफितीत सगळी मंडळी एकामागोमाग खेटून, अहिराणी गाणी म्हणत तिरका उतार ओलांडताना दिसतात. (आवाजाने बर्फ कोसळतो हा गैरसमज आहे, तेव्हा गाण्यांना माझी हरकत नाही.) मध्येच ‘धप्प’ असा दबका आवाज होतो, पहिल्याच्या बुटापासून एक भेग सरसर पुढे पळते, आणि सगळे टाळ्या वाजवतात. तो आवाज आणि ती भेग म्हणजे थर सुटू लागल्याची खूण, ती दिसताच मागे फिरायचे असते, आणि असा उतार ओलांडायचाच झाला तर एकेकट्याने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवून. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे २५ हून अधिक जण हिमस्खलनात गेले. ते प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी होते, सहलीला आलेले पर्यटक नव्हते. ती बातमी आपणच पहिल्या पानावर छापली होती.

चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. लेखात तिच्यासाठी एक ओळ मिळाली नाही, परंतु लेखाखालीच अशाच सहलीची पाव पानाची जाहिरात मिळाली, हा योगायोग असल्यास तो आपल्याकडे फार वेळा घडतो.

सुट्ट्यांच्या तुकड्या आता निघतील. त्यापूर्वी शुद्धिपत्र छापावे, आणि ते निविदा सूचनांच्या कोपऱ्यात नव्हे, तर लेख जिथे होता तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरात असावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर