भंडाऱ्याच्या घरच्यांबरोबर जेवलो

मनिला बंदर,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

परवापासून जहाज मनिलाच्या धक्क्याला लागलंय. इंजिनरूममधला वॉच, म्हणजे माझी पाळी, आत्ताच संपला. खरं तर झोपायला हवं, पण आजचं दुपारचं जेवण तुला सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

आमच्या भंडाऱ्याबद्दल, म्हणजे जहाजावरच्या आचाऱ्याबद्दल, तुला मागे लिहिलं होतं. फिलिपिनो आहे, पन्नाशीचा. सगळे त्याला 'कुया' म्हणतात. त्यांच्याकडे थोरल्या भावाला असं म्हणतात, आपण दादा म्हणतो तसं. २२ माणसांचं तीन वेळचं रांधणारा हा माणूस सात महिने घरी गेलेला नाही. मनिलाला जहाज लागणार म्हटल्यावर कॅप्टनने त्याला एक दिवस मोकळा दिला, आणि आजच त्याच्या धाकट्या मुलीचा अकरावा वाढदिवस. मला म्हणाला, "तूही चल." मला वाटलं घरी नेणार. तर म्हणाला, घरी गेलो की बायको चुलीपुढे उभी राहणार, नाहीतर मी. आज दोघांनीही कढईला हात लावायचा नाही असं ठरलंय. म्हणून बुफे.

मालाते भागात, समुद्राकाठच्या रोहास बुलेवार्डच्या जरा आत ते हॉटेल होतं. असल्या जेवणाला इथे 'ईट ऑल यू कॅन' म्हणतात. माणशी ६०० पेसो, म्हणजे आपले नऊशेच्या आसपास रुपये, आणि ज्याचा वाढदिवस त्याला फुकट. भिंतीवर पाटी होती, ताटात टाकलंत तर जादा पैसे पडतील. वाचल्याबरोबर तुझी आजी आठवली. पानातला शेवटचा दाणा उचलेपर्यंत ती आपल्याला उठू द्यायची नाही.

आत शिरताच पोरगी पुढे आली, माझा हात हातात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करायची त्यांची रीत आहे, 'मानो पो' म्हणतात. आपलं पाया पडणंच ते. अरे, मी चौतिसाचा. एकदम मोठा झाल्यासारखं वाटलं आणि आशीर्वाद कसा द्यायचा तेच सुचेना.

लांबलचक टेबलावर तीसेक भांडी मांडलेली. कुया मला एकेका भांड्यापाशी थांबवून सांगत होता, "हे बाबॉय, हे बाका." म्हणजे डुक्कर आणि गाय. ते सोडून माझं ताट भरत चालला. कारे-कारे नावाच्या दाण्याच्या दाट रश्श्यात गाईचं शेपूट होतं, ते मी घेतलं नाही. पण त्याच्या शेजारची वाटी मी वाकून हुंगली. बागोओंग, म्हणजे मीठ घालून आंबवलेला जवळा. वास उग्र, आणि तरी ओळखीचा. चिकन आदोबो मात्र दोनदा घेतलं. शिरका, सोया सॉस, भरपूर लसूण, तमालपत्र आणि अख्खी मिरी, एवढ्यावरच ते शिजतं. शिरक्यामुळे फ्रिज नसतानाही टिकायचं, असं कुया म्हणाला. तो शिरकाही कित्येक घरी माडीचाच असतो.

सिनिगांग ही त्यांची आंबट आमटी. मासे आणि भाज्या घालतात, आंबटपणा बहुतेक वेळा चिंचेचा. पण ते 'कामियास'ही घालतात, आणि कुयाने फोनवर फोटो दाखवला तर ती तुझ्या विहिरीजवळची बिंबलं! खोडालाच लगडलेली, तशीच. शेवग्याचा पाला 'मालुंगाय', चिकूला 'चिको', काजूला 'कासुय'. चिकू आणि काजू दोन्ही मुळात अमेरिकेकडचे. मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून मनिलाला १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं येत होती, आणि आपल्या बाजूला पोर्तुगीज. वेंगुर्ल्याची काजूची बाग आणि हे टेबल यांचं नातं मला त्या टेबलापाशीच उभं राहून कळलं.

आता खरं सांगायचं ते. सगळ्यात शेवटच्या भांड्यात काळपट हिरवं काहीतरी रटरटत होतं. कुयाची बायको फिलिपिन्समधल्या बिकोल प्रांताची, ती म्हणाली हे 'लाइंग', आमच्याकडचं. यात डुकराचं काही घातलंय का हे तिने आत जाऊन विचारून घेतलं. नव्हतं, फक्त सुकी कोलंबी. मी पहिला घास घेतला. बाळ्या, अळू! वाळवलेली अळवाची पानं, नारळाचं दूध आणि तिखटजाळ मिरची. आपल्या फदफद्याहून दाट आणि तेलकट, गूळ नाही, चिंच नाही, पण पान तेच. तिचं म्हणणं, दूध आटेपर्यंत डाव घालायचा नाही, ढवळलं की घसा खाजतो. मी म्हटलं, आमची आई त्यासाठी चिंच घालते. ती खो-खो हसली आणि म्हणाली, मग तुमचं काय, आमचं काय, भीती एकच.

इतका वेळ मी चमच्या-काट्याने जेवत होतो. ते एरवी तसेच जेवतात, एका हातात काटा, एका हातात चमचा, सुरी नाही. पण कुयाची आई समोर हाताने जेवत होती, बोटांनी भाताचा घास वळून अंगठ्याने पुढे सारत, अगदी आपल्यासारखी. मीही काटा ठेवला. म्हातारीने माझ्या हाताकडे बघितलं आणि मान डोलवली. हाताने जेवण्याला ते 'कमायान' म्हणतात.

तेवढ्यात कुयाने एका बशीत तुयो आणले. खारवून वाळवलेले छोटे मासे, तारलीसारखे, कुरकुरीत तळलेले. बरोबर लसणाचा परतलेला भात आणि मिरचीचा शिरका. माझा हात थांबला.

तुला हे कधी लिहिलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी कुया एका सकाळी गॅलीत, जहाजाच्या स्वयंपाकघरात, तुयो तळत होता आणि वास माझ्या केबिनपर्यंत आला. मी वॉचवरून थकून आलो होतो. सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, हा घाणेरडा वास परत जहाजावर नको. मी, सुकटीच्या वासात वाढलेला! तो 'ओके, सर' म्हणाला आणि त्यानंतर त्याने तुयो कधी तळलेच नाहीत. मी विसरूनही गेलो होतो.

ते मासे मी खाल्ले. डोकं, काटे सगळं. आईने चुलीवर भाजलेली खारी तारली आणि पेज आठवली, आणि घास घशात अडकला. तिथेच कुयाची माफी मागितली. तो काही बोलला नाही, आणखी एक मासा माझ्या ताटात ठेवला आणि पोरीला तागालोगमध्ये काहीतरी म्हणाला. तिने मला इंग्रजीत सांगितलं, "सिंगापूरला घेतलेली दोन पाकिटं पपांच्या पेटीत अजून तशीच आहेत."

मग पान्सित आलं, वाढदिवसाच्या लांब शेवया. लांब आयुष्यासाठी असतात म्हणून न तोडता खायच्या. वाढप्यांनी ढोलकं वाजवून गाणं म्हटलं, पोरगी लाजून आजीच्या मागे लपली. सॉसेज घातलेलं गोड स्पॅगेटी मात्र मला झेपलं नाही. शेवटी हालो-हालो. किसलेल्या बर्फात गोड घेवडे, जेली, आटवलेलं दूध आणि वर जांभळं आइस्क्रीम, ते चक्क कोनफळाचं. मला आवडलं. केळीच्या पानावर भाजलेली बिबिंगकाही होती. पूर्वी तिला वरून-खालून निखारे ठेवत, आपल्या धोंडसासारखे.

निघताना कुया पोरीला बराच वेळ धरून उभा होता. आणखी दोन महिने आहेत त्याचे. परत येताना जीपनीत, म्हणजे इथल्या जीपसारख्या छोट्या बसमध्ये, आम्ही दोघंही गप्प होतो.

पुढच्या रविवारी सकाळी ती पाकिटं उघडायची ठरली आहेत. भात मी करणार.

एक काम कर. पुढच्या महिन्यात मुंबईहून आमचा एक जण जहाजावर चढतोय. त्याच्याबरोबर अर्धा किलो अमसुलं पाठव, चांगली काळी. कुयाला सिनिगांगमध्ये घालून बघायची आहेत. आणि आईकडे जाऊन विचार, अळवात ती चिंच पानं शिजायच्या आधी घालते की नंतर. बिकोलच्या बाईंना कळवायचंय.

तुझा,
दादू