दोरी ढिली पडू देऊ नकोस

नांदेड
12 जानेवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पुतण्यानं पुण्याहून पाठवलेला मासे धरायचा रॉड-रीळ, पहिल्याच संध्याकाळी अंगणात झालेला दोरीचा गुंता आणि ‘आपली बांबूची काठीच बरी’ हे तुझं शेवटचं वाक्य, सगळं वाचलं. रीळ माळ्यावर टाकू नकोस. येत्या रविवारी येलदरी धरणावर जायचं ठरवलंच आहेस, तर मधल्या चार संध्याकाळी तासभर हात बसव. गुंता कशानं होतो हे एकदा कळलं की तो टाळणं अवघड नाही.

बांबूच्या काठीला दोरी शेंड्याला बांधलेली असते. जेवढी काठी, जवळपास तेवढीच दोरी, आणि ती सगळी डोळ्यांसमोर. रीळवर शंभर-दीडशे मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळलेली असते आणि ती कशी बसली आहे ते वरून दिसत नाही. तुझं रीळ स्पिनिंग जातीचं आहे. त्यात दोरी टाकताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, फिरत नाही, जागच्या जागी उभं राहतं. पाटावर ठेवलेल्या तांब्याभोवती सूत गुंडाळलं आणि मग तोंडाकडून ओढलं, तर वेढे एकेक करून जसे काठावरून निसटतील, तशीच इथं दोरी निघते. वेढे घट्ट बसलेले असतील तर एकामागून एक सुटतात. मधला एखादा ढिला राहिला असेल तर वरचा वेढा जाताना त्याला सोबत ओढतो, तो आणखी दोघांना, आणि रॉडच्या पहिल्या कडीपाशी पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा अडकतो. तुझ्या अंगणात हेच झालं. म्हणून या पत्रातलं बाकी काही विसरलास तरी चालेल, स्पूलवर दोरी ढिली पडू देऊ नकोस.

आता मुळापासून सुरुवात कर. स्पूलवरची सगळी दोरी काढून टाक. तू अख्खं बंडल चढवलंस असं लिहिलं आहेस, तिथंच पहिली चूक झाली. स्पूलच्या बाजूला 0.30/150 असा काहीतरी आकडा असेल. म्हणजे 0.30 मिलिमीटर जाडीची दोरी 150 मीटर मावते. स्पूलच्या ओठापासून 2 ते 3 मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. त्याहून जास्त भरलं तर वेढे आपोआप घसरतात. फार कमी भरलं तर दोरी ओठाला घासत निघते आणि लांब जात नाही.

चढवताना दोरीचं टोक आधी रॉडच्या सगळ्या कड्यांतून शेंड्याकडून रीळकडे आण. मग तारेची कमान, जिला दुकानदार बेल म्हणतात, ती उघड आणि त्यानंतरच टोक स्पूलला बांध. कमान मिटलेली ठेवून बांधलं तर हँडल फिरतं, पण दोरी गुंडाळलीच जात नाही. नवखे हमखास इथं चुकतात. बांधून झालं की कमान मीट. नव्या दोरीचं बंडल जमिनीवर आडवं ठेव, चिठ्ठीची बाजू वर. दुसऱ्या कुणाला तरी ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरायला सांग, म्हणजे ती ताणून बसेल. पंधरा-वीस फेरे गुंडाळून थांब आणि दोरी थोडी सैल सोडून बघ. ती स्वतःभोवती पिळायला लागली तर बंडल उलटं कर, चिठ्ठी खाली. पीळ कमी झाला म्हणजे बाजू बरोबर आहे. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही आणि पुढचा सगळा दिवस सुखाचा जातो.

सराव तलावावर करू नकोस, घरामागच्या गवतावर कर. उघड्या काळ्या मातीत नको, धूळ रोलरमध्ये, म्हणजे कमानीच्या टोकाशी दोरी जिच्यावरून जाते त्या चाकात, बसते. गळ न लावता 15 ग्रॅमचं शिसं बांध आणि पंधरा पावलांवर एक घमेलं ठेव. रीळ रॉडच्या खाली लोंबतं ठेवून मूठ धर, रीळचा पाय मधल्या दोन बोटांत येऊ दे. शेंड्यापासून शिसं हातभर खाली सोड. हँडल हळू फिरवून रोलर वर, तुझ्या बोटाजवळ आण. तर्जनीच्या पहिल्या पेरानं दोरी उचलून रॉडला लगटून धर आणि दुसऱ्या हातानं कमान उघड. आता दोरी फक्त तुझ्या बोटावर आहे. मागं कुणी नाही ना हे वळून बघ. रॉड खांद्यावरून मागं ने, क्षणभर थांब, शिशानं शेंडा मागं वाकवला असं जाणवलं की पुढं आण. जोर लावायचा नाही, शेंड्याच्या लवचिकपणानं शिसं जातं. रॉड डोक्याच्या थोडा पुढं आला की बोट सोड. शिसं आभाळात उंच गेलं तर बोट लवकर सुटलं, पायाजवळ आपटलं तर उशिरा. या दोन चुका आलटून पालटून होत होत अंदाज येतो. वीस-पंचवीस वेळा टाकल्यावर घमेल्याच्या आसपास पडायला लागेल.

शिसं पडायच्या जरा आधी त्याच तर्जनीनं स्पूलच्या ओठाला हलका स्पर्श कर. दोरीला लगाम बसतो, ती वाऱ्यावर फुगत नाही. पडल्याबरोबर कमान हातानं मीट. हँडल फिरवूनही ती मिटते, रीळच्या कागदावर तसं लिहिलेलंही असतं, पण त्यात एक ढिला वेढा स्पूलवर राहून जातो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. हातानं मिटल्यावर रॉडजवळची दोरी चिमटीत धरून थोडी ओढ, ताण आला की मग गुंडाळ. कमान मिटायची, दोरी ओढायची, मग हँडल. हे अंगात मुरलं की अर्धं काम झालं.

गाठ नीट शिकून घे, मासा तिथंच तोडून जातो. दोरी गळाच्या नाकातून घाल, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे दे, टोक परत आणून नाकाजवळच्या लहान फासातून काढ आणि नंतर तयार झालेल्या मोठ्या फासातून. ओढण्याआधी थुंकीनं ओली कर. कोरडी ओढलीस तर घर्षणानं तापून नायलॉन तिथंच कमजोर होतं. सावकाश ओढ आणि गाठ डोळ्यांजवळ धरून बघ. वेढे स्प्रिंगसारखे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. एक जरी दुसऱ्यावर चढलेला दिसला तर काप आणि पुन्हा बांध. टोक 3 मिलिमीटर ठेव.

ड्रॅग म्हणजे रीळच्या पुढच्या बाजूची चकती. तिच्यावर तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून जरा सविस्तर सांगतो. मासा जोरानं पळाला की दोरी तुटण्याआधी स्पूल घसरून दोरी देतं, ती व्यवस्था या चकतीत आहे. उजवीकडे फिरवली की घट्ट होते. तुझी 0.30 ची दोरी 6 किलोची असेल तर ड्रॅग दीड ते दोन किलोवर ठेव. दोरीच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा, कारण गाठीत ताकद जाते आणि वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर घासून ताणही वाढतो. मोजायला काटा नसेल तर दीड लिटर पाणी भरलेली बाटली दोरीला बांध आणि रॉड हळूहळू वर उचल. बाटली जमिनीवरून सुटता सुटता स्पूल कर्र आवाज करत घसरायला लागलं की ड्रॅग बसला.

ड्रॅग घसरत असताना हँडल मात्र फिरवू नकोस. मासा दोरी नेतो आहे आणि तू गुंडाळतो आहेस असं वाटतं, पण आत काहीच येत नाही. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर, म्हणजे कमान बसवलेला फिरता भाग, पाचेक वेळा फिरतो, तेवढे पीळ दोरीत भरतात. दहा फेऱ्यांत पन्नास पीळ. दुपारनंतर दोरी वळवळून गुंतायला लागते आणि माणूस रीळला दोष देतो. मासा पळतो तेव्हा पळू दे. थांबला की रॉड सावकाश उभा कर, आणि शेंडा पाण्याकडे खाली आणत आणत मोकळी झालेली दोरी गुंडाळ. मासा रॉडनं ओढायचा, रीळनं फक्त मिळालेली दोरी साठवायची. तरीही पीळ भरलाच तर शिसं-गळ काढून नुसती दोरी गवतावर पन्नास पावलं ओढत ने आणि चिमटीत ताणून परत गुंडाळ.

आता येलदरीचं. जानेवारीत सकाळी पाणी गार असतं. रोहू, मृगळ थंडीत कमी खातात, ऊन तापून कडेचं पाणी जरा कोमट झालं की हलायला लागतात. पहाटे कुडकुडत जाण्यापेक्षा दहाच्या सुमारास गळ टाक. वारा पाठीवर येईल असा काठ निवड, नव्या हाताला त्याचा फार आधार होतो. बॅकवॉटरचा, म्हणजे धरणामागं साठलेल्या पाण्याचा, तळ काळ्या गाळाचा आहे. जड गोल शिसं त्यात रुततं आणि आमिषही गाळात जातं, म्हणून 10 ते 15 ग्रॅमचं चपटं शिसं घे. शिसं दोरीवर मोकळं सरकतं ठेव, त्याखाली स्विव्हल (पीळ जिरवणारी फिरती कडी), मग वीत-दीड वीत दोरी आणि 6 नंबरचा गळ. शिसं सरकतं असलं की माशाला वजन जाणवत नाही आणि तो आमिष टाकून देत नाही.

आमिषाला शेंगदाण्याची पेंड दोन वाट्या, भिजवून, आणि कणिक एक वाटी. पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळ. गोळा बोराएवढा. सैल झाला तर फेकताना उडून जातो, फार कडक झाला तर ओढताना गळाचं टोक त्यातून बाहेर येत नाही. गोळा लावला की फेक झटक्याची नको, झोका दिल्यासारखी. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात, तेव्हा तळावर काही लागेना झालं तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोंडा) लावून गळ वर घे. शिंगाडा मासा लागला तर उघड्या हातानं धरू नकोस, पाठीचा आणि कल्ल्यामागचे काटे करवतीसारखे असतात.

मरळ मात्र आत्ता शिकतोस तोवर राहू दे, तिला वेगळी दोरी आणि वेगळी रीत लागते. आणि पावसाळ्यात कधी काठच्या पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा बुडबुडणारा पुंजका दिसला, तर तिथं गळ टाकू नकोस. खाली आईबाप राखणीला असतात. ते गेले की तो सगळा पुंजका इतर मासे काही वेळात खाऊन टाकतात.

पाणी उतरतं तेव्हा त्या जमिनीवर बाभळी उगवतात आणि पुढच्या पावसाळ्यात बुडतात. गळ त्यात अडकणारच. रॉडनं हिसके देऊ नकोस, शेंडा मोडतो. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धर, दोरी एका काठीला गुंडाळ, हाताला कधीच नाही, आणि मागं चालत जा. तुटलेली दोरी जेवढी हाती येईल तेवढी घरी आण. पाणकोंबड्या आणि बगळ्यांच्या पायात ती अडकली की सुटत नाही.

दत्ता, दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या हलक्यानं घेऊ नकोस. बॅकवॉटरला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या वायरी बांबूवरून डोक्याच्या जरा वर गेलेल्या असतात. तुझा रॉड कार्बनचा आहे आणि कार्बनमधून वीज वाहते. वायरीखाली रॉड उभा करून चालू नकोस, फेकण्याआधी मागं बघतोस तसं वरही बघ. दुसरं, पाणी हटलेल्या काठावर वरून भेगाळलेली कोरडी खपली आणि खाली मांडीभर चिखल असतो. गुरांच्या पायवाटेनंच पाण्यापर्यंत जा. आणि धरणाच्या खाली, पॉवर हाऊसच्या बाजूला पूर्णेच्या पात्रात बसू नकोस, पाणी सोडलं की पात्र चढतं.

तलावातली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. माशांचं बीज तेच सोडतात, कारण रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणजे तू धरशील तो मासा बहुतेक त्यांनी सोडलेला. आधी काठावरच्या भोई मंडळींना भेट, विचारून परवानगी घे, जाळी कुठं लावली आहेत ते समजून घे आणि त्या बाजूला फेकू नकोस. पाण्याचा तळ त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो.

घरी आल्यावर रीळ बादलीत बुडवू नकोस. ओल्या फडक्यानं पुस, रोलरला तेलाचा एक थेंब दे आणि ड्रॅग पूर्ण सैल कर. घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडकत अडकत सुटतो. शेवटची वावभर दोरी बोटांतून फिरवून बघ, खरखरीत लागली तर तेवढी कापून टाक.

रविवारी संध्याकाळी फोन कर. मासा किती मिळाला ते नंतर सांग, आधी गुंता किती वेळा झाला आणि प्रत्येक वेळी त्याआधी कमान कशी मिटली होती, ते सांग. आईंना आणि वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल